कलाकारांसाठीचे अनुदान : कार्यक्रमाला पैसे मिळतात, तालमीला का मिळत नाहीत?

कृष्णाकाठ (सांगली)

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील कलाकारांना व छोट्या कलासंस्थांना अर्थसाहाय्य देणाऱ्या एका न्यासात मी काम करते. अर्ज मागवायचे, त्यांची छाननी करायची, गावी जाऊन अर्जदारांना भेटायचे, निवड समितीपुढे टिपण ठेवायचे, हप्ते सोडायचे आणि वर्षअखेरीस हिशेब घ्यायचा, असे या कामाचे स्वरूप आहे. या चर्चापीठावर अर्ज करणारेही आहेत आणि अर्ज तपासणारेही, म्हणून एक प्रश्न सविस्तर मांडते. आपल्याकडचे बहुतेक अनुदान कार्यक्रमाला मिळते. कार्यक्रमामागच्या तयारीला, म्हणजे तालमीला, वाद्यांच्या दुरुस्तीला, शिकवणाऱ्याच्या वेळेला आणि कागदपत्रे सांभाळणाऱ्या माणसाला जवळजवळ काहीच मिळत नाही.

अर्जासोबतची अंदाजपत्रके पाहिली की हे लगेच लक्षात येते. मंडप, ध्वनिक्षेपक, प्रकाशयोजना, निमंत्रणपत्रिका, फ्लेक्स, पाहुण्यांचा प्रवास, शाल-श्रीफळ, अल्पोपाहार या सगळ्यांपुढे ठसठशीत आकडे असतात. 'कलाकारांचे मानधन' शेवटी येते आणि त्यापुढे उरलेली रक्कम लिहिलेली असते. तालमीचा रकाना बहुधा नसतोच. अर्जदार तो लिहीत नाहीत, कारण तो नामंजूर होणार असे त्यांनी गृहीत धरलेले असते. आणि देणारे विचारत नाहीत, कारण मंडपाचे बिल मिळते, तालमीचे मिळत नाही. परिणामी एका संध्याकाळच्या थाटामाटावर पैसे खर्च होतात आणि ज्यांनी ती संध्याकाळ महिनोन्‌महिने खपून उभी केली, ते पदरमोड करून घरी जातात.

सांगलीत बसून हे लिहिताना विष्णुदास भाव्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८४३ साली त्यांचे 'सीता स्वयंवर' हे नाटक उभे राहिले ते सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयामुळे. तो आश्रय केवळ एका प्रयोगाच्या खर्चापुरता नव्हता. माणसे जमवून त्यांना शिकवायला, सोंगे तयार करायला आणि पुन्हा पुन्हा करून पाहायला लागणारा वेळ त्यात होता. १८५१ मध्ये चिंतामणरावांचे निधन झाले, दरबारचा आधार सुटला आणि भाव्यांना नाटक मंडळी घेऊन गावोगावी फिरावे लागले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. आपण दरवर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो, त्याच्या मुळाशी असलेल्या या गोष्टीतून अनुदान देणाऱ्यांनी दोन गोष्टी घ्यायला हव्यात असे मला वाटते: तयारीला पैसे दिल्याशिवाय नवे काही उभे राहत नाही, आणि एकाच दात्यावर सगळा भार ठेवला तर तो दाता गेल्यावर मंडळी रस्त्यावर येते.

शासकीय योजनांबद्दल तक्रारीचा सूर लावायचा नाही. त्यांतल्या काही योजना थेट माणसाला पैसे देतात आणि ते मोलाचे आहे. ज्येष्ठ साहित्यिक व कलाकारांच्या मानधनाची राज्याची योजना १९५४-५५ पासून चालू आहे. २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले, पूर्वीची राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशी वर्गवारी जाऊन सर्वांना दरमहा सरसकट ५,००० रुपये ठरले. केंद्राकडून १८ ते २५ वयोगटातील तरुण कलाकारांना दोन वर्षे दरमहा ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती असते. केंद्राच्याच कनिष्ठ आणि वरिष्ठ पाठ्यवृत्ती (फेलोशिप) अनुक्रमे दरमहा १०,००० आणि २०,००० रुपयांच्या असून त्या दोन्ही मिळून देशभरात वर्षाला जास्तीत जास्त ४०० जणांना मिळतात. म्हणजे उमेदवारीच्या काळात काही आधार आहे आणि उतारवयात काही आधार आहे. मधली वीस-पंचवीस वर्षे, जेव्हा ढोलकीवादकाचा हात सर्वांत तयार असतो आणि घरखर्चही सर्वांत जास्त असतो, त्या काळात त्याच्यासाठी फारसे काही नाही. तो काळ सुपाऱ्यांवर निघतो, आणि सुपारी नसेल तेव्हा ऊसतोडीवर किंवा रिक्षावर.

आमच्या न्यासाचा निधी लहान आहे. तो कार्यक्रमांवरून काढून तयारीकडे वळवावा, असा प्रस्ताव मी पुढच्या बैठकीत ठेवणार आहे. त्याला विरोध होईल हे गृहीत आहे, कारण कार्यक्रमाला दात्याचे नाव फलकावर लागते. आपल्या कलाप्रकारात तयारीचा खर्च नेमका कशावर होतो, तो कसा दाखवता येईल आणि पैसे वर्षातल्या कोणत्या वेळी हाती यावे लागतात, हे कृपया लिहावे.

माणदेशी (आटपाडी)

आमचे गजनृत्याचे, म्हणजे धनगरांच्या ढोलाच्या तालावरच्या समूहनृत्याचे, पथक आहे. तुम्ही खर्चाचे विचारले आहे, पण आमची अडचण त्याआधीच्या पानावर सुरू होते. अर्जात 'मागील तीन वर्षांतील कार्यक्रमांचा तपशील, वृत्तपत्रांतील कात्रणांसह' असे लिहिलेले असते. आमचे पथक आरेवाडीला बिरोबाच्या यात्रेत, खरसुंडीला सिद्धनाथाला आणि पंचक्रोशीतल्या जत्रांमध्ये नाचते. तिथे आम्हाला कोणी निमंत्रणपत्रिका देत नाही, कारण ती आमचीच यात्रा असते. वर्तमानपत्रात यात्रेची बातमी येते, त्यात पालखी, गर्दी आणि पुढाऱ्यांची नावे असतात. पथकाचे नाव नसते. मग ज्या मंडळाने शहरात दोन 'लोककला महोत्सव' भरवले त्यांची फाइल जाडजूड होते आणि ज्यांच्या आजोबांपासून ढोल-कैताळ (मोठ्या झांजा) घरात आहे त्यांच्याकडे दाखवायला काही नसते.

आमच्या पथकातले ओव्या म्हणणारे आजोबा रात्रभर एक कथा चालवतात. त्यांना लिहिता येत नाही. राज्याच्या मानधनासाठी पंधरा वर्षांच्या कार्याचा पुरावा गोळा करताना त्यांच्या नातवाची जी दमछाक झाली, ती मी जवळून पाहिली आहे. शेवटी कोणाच्या तरी लग्नातल्या जुन्या फोटोत ते ढोलाशेजारी बसलेले सापडले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

खर्चाचे म्हणाल तर ढोलाचे चामडे, पोशाख आणि गाडीभाडे. त्यापेक्षा मोठा खर्च म्हणजे बुडालेला रोज. सरावाला पंचवीस-तीस माणसे एकत्र यायची तर तेवढ्यांचा रोजगार बुडतो; आणि मेंढरे घेऊन निम्मी माणसे खाली घाटाकडे गेलेली असतील तर सराव होतच नाही. तुमच्या अर्जाची मुदत पावसाळ्यात ठेवता आली तर पाहा. त्या वेळी माणसे गावात असतात.

जमाखर्च (सातारा)

मी लेखापरीक्षणाच्या कामानिमित्त अनेक सांस्कृतिक संस्थांची खाती पाहतो. मूळ लेखाशी मी सहमत आहे, मात्र 'तालमीचे बिल मिळत नाही' हे वाक्य तसेच सोडू नये, कारण ते निमित्त म्हणून वापरले जाते. तालमीचा खर्च पूर्णपणे नियमात बसवता येतो. त्यासाठी तीन कागद लागतात: संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव, ज्यात तालमीचे वेळापत्रक आणि प्रत्येकाचा दर मंजूर केलेला असेल, रोजच्या तालमीचे हजेरीपत्रक, ज्यावर सह्या किंवा अंगठे असतील, आणि रक्कम दिल्याचे व्हाउचर. रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल तर एक रुपयाचे महसुली तिकीट लावून सही घ्यावी. एका व्यक्तीला एका दिवशी १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नये, आणि शक्य तिथे खात्यावरच जमा करावे. मंडपाच्या बिलापेक्षा हा पुरावा कमी प्रतीचा आहे असे कोणीही लेखापरीक्षक म्हणणार नाही. खरे पाहता कोऱ्या बिलबुकावर लिहून आणलेल्या मंडपाच्या बिलापेक्षा तीस सह्यांचे हजेरीपत्रक अधिक विश्वासार्ह असते.

संस्था बाद होतात त्या बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणांनी. न्यासाची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली झालेली असते, पण विश्वस्त बदलल्यावर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट (बदल अहवाल) दाखल करायचा असतो, तो केलेला नसतो. मग धर्मादाय कार्यालयाच्या उताऱ्यावर दिवंगत अध्यक्षांचे नाव तसेच राहते, बँक नव्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या स्वीकारत नाही आणि मंजूर झालेले अनुदान अडकून पडते. केंद्राच्या योजनांसाठी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंदणी लागते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठी १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. केंद्राचे अनुदान खर्च झाले की जीएफआर (सामान्य वित्तीय नियम) १२-अ नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि न खर्चलेल्या रकमेवर बँकेत मिळालेले व्याजही सरकारजमा करावे लागते. ते आपले समजून खर्च करणाऱ्या संस्था पुढच्या हप्त्याला मुकतात. यातले काहीही अवघड नाही, पण ते वेळच्या वेळी करायला कोणीतरी माणूस लागतो आणि त्या माणसाच्या पगाराला कोणीच अनुदान देत नाही. आपला न्यास निधी वळवणार असेल तर पाच-सहा छोट्या संस्थांमध्ये मिळून एक हिशेबनीस नेमण्याचा खर्च त्यात जरूर धरावा.

कृष्णाकाठ (सांगली)

जमाखर्च, हजेरीपत्रकाचा मुद्दा मी प्रस्तावात जसाच्या तसा घेते. सामाईक हिशेबनिसाची कल्पनाही पटली. फक्त तो न्यासाचा माणूस नसावा, संस्थांचा असावा, नाही तर देणाराच घेणाऱ्याचे हिशेब लिहितो आहे असे होईल.

माणदेशी, कात्रणांची अट आम्ही काढू शकतो. यात्रा समितीचे किंवा पुजाऱ्यांचे पत्र, ग्रामपंचायतीचा दाखला आणि मोबाइलवरचे चित्रीकरण हे पुरेसे मानता येईल. अर्ज तोंडी घ्यावा, असेही माझ्या मनात आहे. म्हणजे आम्ही गावी यायचे, आजोबांनी सांगायचे, आम्ही ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेऊन वाचून दाखवायचे आणि मग अंगठा घ्यायचा. अर्ज करण्याचे कौशल्य आणि कलेचे कौशल्य या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि निवड समितीपुढे मात्र नेहमी पहिलेच पोहोचते. बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स या १९९३ साली स्थापन झालेल्या संस्थेकडे कोणत्याही भारतीय भाषेत अर्ज करता येतो. मराठीतही करता येतो हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. स्वतंत्र देणग्यांवर चालणारी संस्था जर एवढे करू शकते, तर दोन जिल्ह्यांपुरत्या न्यासाने माणदेशी बोलीतला तोंडी अर्ज का घेऊ नये?

वारणाकाठ (वाळवा)

तमाशाविषयी लिहितो. आमचा तालुका रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांचा आणि वाटेगावच्या अण्णा भाऊंचा. जवळच कवलापूर, जिथून काळू-बाळूंचा फड, म्हणजे तमाशाचा संच, निघायचा. पूर्णवेळ फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतो आणि चैत्र-वैशाखातल्या जत्रा करून परततो. फडमालकाला पैसे लागतात ते दसऱ्याच्या आधी. कलाकारांना उचल (आगाऊ रक्कम) द्यायची असते, राहुटी, गाड्या, जनरेटर यांची दुरुस्ती असते, नवे वग (तमाशातली नाट्ये) बसवायचे असतात. त्या दोन महिन्यांत सावकाराकडून चढ्या व्याजाने पैसे घ्यावे लागतात आणि हंगामाची कमाई त्या व्याजात जाते. अनुदान मंजूर होऊन मार्चअखेरीस हाती आले, तर ते ऐन जत्रांच्या गर्दीत येते. त्या वेळी फडाकडे रोजची आवक असते आणि कागदपत्रे पूर्ण करायला माणूस नसतो. तेच पैसे ऑगस्टमध्ये आले तर सावकाराचे दार बंद होईल. रक्कम वाढवण्यापेक्षा महिना बदलणे आमच्या दृष्टीने अधिक उपयोगाचे आहे.

दुसरी गोष्ट, उचल घेतलेल्या कलाकाराला फड सोडता येत नाही, विशेषतः नाचणाऱ्या-गाणाऱ्या स्त्रियांना. त्यामुळे अनुदान मालकाच्या खात्यावर गेले तर ते कलाकारापर्यंत कर्ज बनून पोहोचते. काही भाग थेट कलाकारांच्या खात्यावर द्यावा.

तंबोरा (मिरज)

वाद्यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हा सर्वांना अभिमान आहे. पण मानांकनाने वाद्य बनवणाऱ्याचा हात चालत नाही. वाद्याच्या तुंब्यासाठी पंढरपूरकडून येणारा भोपळा घ्यावा लागतो, तो चांगला वाळलेला, जाड पाठीचा आणि हव्या त्या आकाराचा मिळाला तर वर्षाची बेगमी करून ठेवावी लागते. लाकूड मुरावे लागते. म्हणजे पैसे आज अडकतात आणि वाद्य कितीतरी महिन्यांनी विकले जाते. कारागिराला पुरस्कारापेक्षा या साठ्यासाठी बिनव्याजी रक्कम हवी असते.

दुसऱ्या बाजूने पाहा. दोन्ही जिल्ह्यांतल्या गायनशाळांमध्ये, मंदिरांमध्ये आणि जुन्या घरांमध्ये उत्तम तंबोरे पडून आहेत. भोपळ्याला तडा गेलेला असतो, खुंट्या सैल झालेल्या असतात, घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तारांनी खाचा पाडलेल्या असतात. जवारी, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद जुळवण्याचे काम, नीट झाले की तोच तंबोरा पुन्हा गाऊ लागतो. शिकणारी मुले मात्र मोबाइलवरच्या तानपुऱ्यावर गातात, कारण दुरुस्तीला पैसे नाहीत. एखाद्या संगीत संमेलनाच्या एका संध्याकाळच्या ध्वनिव्यवस्थेला जो खर्च येतो, त्यात किती तंबोरे बोलते होतील हे प्रत्येक दात्याने एकदा मिरजेच्या सतारमेकर गल्लीत येऊन विचारावे. त्या दुरुस्तीत कारागिरालाही काम मिळते आणि गाणाऱ्यालाही.

तिसरी_घंटा (सातारा)

आमचा गट राज्य हौशी नाट्यस्पर्धेत आणि एकांकिका स्पर्धांत भाग घेतो. आतापर्यंतच्या चर्चेत एका बाबतीत माझा मतभेद आहे. कार्यक्रमाचा पैसा सरसकट तयारीकडे वळवला, तर तयारी होईल आणि प्रयोग होणार नाहीत. साताऱ्याच्या शाहू कला मंदिर नाट्यगृहात एक प्रयोग करायचा म्हटले तरी भाडे, प्रकाशयोजना, नेपथ्याची वाहतूक हे खर्च टळत नाहीत, आणि स्पर्धेबाहेर दुसरा प्रयोग लावण्याची आमची ऐपत नसते. चार महिने बसवलेले नाटक एकदाच होते. आम्हाला तालमीला जागा हवी आहे हे खरे, कारण शाळेचा वर्ग रात्री नऊनंतर मिळतो आणि मुलींना घरी सोडण्याची जबाबदारी दिग्दर्शकावर येते. पण त्याच नाटकाचे पुढचे पाच प्रयोग वाई, कराड, फलटण, विट्याला व्हावेत यासाठीही पैसे हवेत. शाल-श्रीफळ आणि फ्लेक्स कापा, प्रयोग कापू नका.

आणखी एक. कृपया सगळ्यांना थोडे-थोडे वाटू नका. वीस संस्थांना दहा-दहा हजार दिल्याने वीस फोटो मिळतात. चार संस्थांना तीन वर्षे सलग दिले तर त्या संस्था उभ्या राहतात. औंधला तिथले संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी चित्रकारांना आणि शिल्पकारांना जो आश्रय दिला, तो एका वर्षाचा नव्हता म्हणून आज तिथे पाहण्यासारखे संग्रहालय आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

तिसरी_घंटा, प्रयोग कापायचे नाहीत हे मान्य. प्रस्तावात मी असा बदल करते की अंदाजपत्रकातला किमान निम्मा भाग कलाकारांच्या मानधनावर, तालमीवर किंवा वाद्यांवर असावा. सत्कार आणि फलकांवरचा खर्च अनुदानातून करता येणार नाही. आणि तयार झालेल्या नाटकाचे दुसऱ्या गावातले प्रयोग हे तयारीइतकेच पात्र मानावेत. सलग तीन वर्षांचा मुद्दा मात्र अवघड आहे. चार संस्थांना तीन वर्षे द्यायचे तर सोळा संस्थांना तीन वर्षे नाही म्हणावे लागेल, आणि आपल्या भागात प्रत्येक जण कोणाचा तरी शिष्य, भाचा किंवा वर्गमित्र असतो. त्यासाठी निवड समितीत दोन्ही जिल्ह्यांबाहेरचे निम्मे सदस्य असावेत, ज्याचा संबंध असेल त्याने त्या अर्जाच्या वेळी खोलीबाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी, आणि नाकारलेल्या प्रत्येक अर्जदाराला कारण लेखी कळवावे, असे मी सुचवणार आहे. नकाराचे पत्र लिहिणे हा या नोकरीतला सर्वांत जड भाग आहे. पण 'निवड होऊ शकली नाही' एवढ्याच वाक्याने माणूस पुढच्या वर्षी तोच अर्ज पुन्हा पाठवतो, आणि कारण कळले तर सुधारून पाठवतो.

वारणाकाठ, ऑगस्टचा मुद्दा फार उपयोगी आहे. न्यासाचे आर्थिक वर्ष बदलता येणार नाही, पण अर्ज एप्रिल-मेमध्ये घेऊन पहिला हप्ता ऑगस्टमध्ये सोडता येईल. पहिला हप्ता मोठा ठेवू, कारण 'आधी खर्च करा, मग परतावा' ही अट ज्यांच्या गाठीला पैसे आहेत त्यांनाच परवडते. थेट कलाकारांच्या खात्यावरच्या रकमेबद्दल फडमालकांशी आधी बोलावे लागेल. त्यांना वगळून ते करणे योग्य होणार नाही.

माणदेशी (आटपाडी)

एप्रिल-मे आम्हाला चालणार नाही. तेव्हा यात्रा असतात आणि मेंढरे अजून परतलेली नसतात.

कृष्णाकाठ (सांगली)

मग दोन मुदती ठेवाव्या लागतील: तमाशा आणि नाटकासाठी एप्रिल-मे, गजनृत्य, ओव्या आणि इतर जत्रांमधल्या कलांसाठी जुलै-ऑगस्ट. कार्यालयाचे काम वाढेल, पण ते आमचे काम आहे.

जमाखर्च (सातारा)

दोन मुदतींना हिशेबाच्या दृष्टीने काहीही हरकत नाही. प्रत्येक मंजुरीपत्रावर खर्चाचा कालावधी वेगळा लिहा आणि त्याच तारखांची व्हाउचर स्वीकारा. हजेरीपत्रकाचा आणि ठरावाचा मराठी नमुना मी तयार करून येथे टाकतो. तंबोऱ्यांच्या दुरुस्तीसाठी वेगळा नमुना लागेल. त्यात वाद्य कोणाच्या मालकीचे आहे आणि दुरुस्तीनंतर ते शिकणाऱ्यांना किती काळ वापरायला मिळेल, हे दोन रकाने अवश्य ठेवू. नाही तर न्यासाच्या पैशाने दुरुस्त झालेला तंबोरा पुन्हा कोणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेसाठी उभा राहील.